तारेवरची पाहुणी

गोव्यात पेडण्याच्या आमच्या वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेतावरून विजेची तार जाते. सकाळी तिच्यावर माळभिंगऱ्या ओळीने बसतात. आज चाळीसपर्यंत मोजल्या, मग कोणी तरी ट्रॅक्टर सुरू केला आणि सगळा हिशेब उडाला.

गळ्याशी तांबूस, पाठ निळी-काळी, शेपूट दुभंगलेलं. वजन जेमतेम वीस ग्रॅम. उडता उडताच किडे टिपते, त्यामुळे नांगरणी म्हणजे तिची मेजवानी.

साकवाखालचं मातीचं घरटं हिचंच, असं मी आत्येला ठासून सांगितलं होतं. चूक! ते तारवाली भिंगरीचं, म्हणजे शेपटीत तारेसारखी पिसं असलेल्या दुसऱ्या जातीचं, ती इथलीच. माळभिंगरी आपल्याकडे फक्त हिवाळा काढते. घरटं हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे. चोचीतून ओल्या मातीच्या गोळ्या आणायच्या, गवताच्या काड्या मिसळून वाटीसारखं रचायचं, आत पिसं अंथरायची. त्यासाठी शेकडो फेऱ्या! चार-पाच अंडी, पंधरा दिवसांच्या आसपास उबवण. जुनं घरटं डागडुजी करून पुन्हा वापरते. काश्मिरात ती थेट घरात, दुकानात घरटं करते आणि लोक ते शुभ मानतात. आत्या म्हणाली, "आमच्या पडवीत केलं असतं तर मी काय हाकललं असतं?"

जगभरात ही अजून धोक्याबाहेर गणली जाते, पण युरोप-उत्तर अमेरिकेत संख्या घटली आहे. गोठे गेले, किडे कमी झाले. इकडे खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, पडीक पडताहेत, ते मला जास्त खुपतं.

एप्रिलपर्यंत तार रिकामी होईल.