आमची वाटचाल : कौलं, चिरे आणि ट्रेलो

दापोलीत आमचं घरबांधणीचं आणि दुरुस्तीचं काम आहे, वडलांनी सुरू केलेलं. त्यांच्या काळात कुठला गवंडी कुठे, कोणाचे चिरे पडलेत, कोणाची उचल बाकी, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. मी आलो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप आलं, मग साइटगणिक एक ग्रुप, आणि पाच-सहा साइट होत्या तोवर ते चाललंही बरं.

मग 3 जून 2020. निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि दापोली-मंडणगडकडे माड, पोफळी, पत्रे, कौलं काही ठेवलं नाही. वर लॉकडाऊन, चाकरमानी मुंबईत अडकलेले, लाइट नाही, टॉवर बंद. रेंज आली तसे फोटो यायला लागले, छप्पर बघून घ्या, पडवीवर माड पडलाय, आणि कुठला फोटो कुठल्या वाडीतला हेच लागेना. पाऊस तर डोक्यावर.

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने फोनवरूनच ट्रेलो लावून दिलं, म्हणजे एका बोर्डवर लिस्ट आणि लिस्टमध्ये कामांची कार्डं सरकवायचं अ‍ॅप. त्याचं म्हणणं प्रत्येक घराला वेगळा बोर्ड करा. पण फुकटच्या प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला 10 च बोर्ड, आणि आमच्याकडे घरं त्याच्या कितीतरी जास्त, म्हणून एकच बोर्ड ठेवला नि गावाप्रमाणे रंगाचं लेबल लावलं. आंजर्ले हिरवं, केळशी निळं असं. लिस्ट चार: करायचंय, चालू, अडकलंय, झालं.

खरं सांगायचं तर बाकीच्या तीन लिस्ट नसत्या तरी चाललं असतं, सगळी जादू 'अडकलंय' मध्ये आहे. आंजर्ल्याच्या एका घराचं कार्ड आठवतंय, मागच्या पडवीचं. चेकलिस्टमध्ये माड कापून काढणे, वासे, रिपा, कौलं, चारही टिक झालेल्या, आणि खाली एक ओळ, आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, नाहीत. म्हणजे माणसं मोकळी, माल आलेला, मालकाचे पैसेही आलेले, आणि मूठभर कोन्यांसाठी घर गळतंय. ग्रुपवर हे गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं गेलं असतं. इथे रोज सकाळी पहिली तीच लिस्ट उघडायची, आणि कार्ड तिथे टाकताना कशासाठी नि कोणाकडे अडकलं हे लिहिल्याशिवाय टाकायचं नाही. ही कार्डं सरकवायची पद्धत म्हणे टोयोटाच्या कारखान्यातली, तिथले इंजिनिअर ताइची ओनो यांनी बसवलेली. त्यातला आणखी एक नियम आम्ही घेतला, एका मिस्त्रीच्या नावावर 'चालू' मध्ये दोनच कार्डं, तिसरं हवं तर आधी एक संपव. आणि कार्डावर नाव एकाचंच. दोघांची नावं टाकली की दोघंही समजतात दुसरा बघतोय.

मिस्त्री लोकांना आधी वाटलं पाळत ठेवतोय. आमचे सर्वात जुने मिस्त्रीकाका म्हणाले, "तुझ्या बापाने कधी टिक नाय मारली माझ्या नावापुढे." मग त्यांना टाइप करायला लावलंच नाही, ते व्हॉइस मेसेज टाकतात, ऑफिसातल्या ताई ऐकून कार्ड सरकवतात. आता काका स्वतःच विचारतात, माझं कार्ड सरकवलंस ना गो?

तारखांचं मात्र सॉफ्टवेअरला काही कळत नाही. त्याच्या हिशोबाने मार्च म्हणजे पूर्ण महिना, इथे शिमग्याला अर्धी माणसं पालखीमागे. पावसात चिरेखाणीत पाणी भरतं, तेव्हा चिरे मे महिन्यातच साइटवर पडलेले पाहिजेत. म्हणून ड्यू डेटच्या जोडीला लेबल केलीत, मृगाआधी, गणपतीआधी, दिवाळीनंतर. छप्पर, पागोळ्या मृगाआधी, रंग गणपतीआधी, नवीन पाया दिवाळीनंतर. मध्ये एका अ‍ॅपात गँट चार्ट, म्हणजे कामांच्या तारखांचं पट्ट्यांचं वेळापत्रक, पण करून बघितला, दिसायला झकास, पण एक पाऊस लांबला की सगळे पट्टे परत ओढत बसा, सोडून दिला.

मुंबईच्या मालकांना बोर्डचा अ‍ॅक्सेस देत नाही. एकाला दिला होता तर त्याचे दोन मेव्हणे पण आत आले आणि खिडकीच्या ग्रिलवर रात्री बारापर्यंत कमेंटी. आता शनिवारी संध्याकाळी ताई ज्याच्या त्याच्या कार्डाचा स्क्रीनशॉट पाठवतात, त्यात 'अडकलंय' असेल तर तेही जसंच्या तसं. फोन निम्म्यावर आलेत, आणि अडकलेलं काम मालकाच्याच पैशांसाठी अडकलेलं असलं तर ते पैसे सोमवारपर्यंत येतात.