तुम्ही विचारलंत म्हणून: शुगर आणि पायी वारी

"शुगर असताना पायी वारीची तयारी कशी करता हो?" ज्येष्ठ लागला की फोन सुरू होतात. निम्म्या जणांना खरं तर "कशाला करता?" असं विचारायचं असतं. त्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

तयारीचं सांगते. माघापासून चालणं वाढवते. चालायच्या दिवसांचा इन्सुलिनचा डोस डॉक्टर आधीच ठरवून देतात. इन्सुलिनचं पेन छोट्या मडक्यात, ओल्या फडक्यात, कारण तंबूत फ्रीज नसतो. कमरेच्या पाकिटात ग्लुकोज पावडर. पायांची संवेदना कमी झालीय, फोड आलेला कळत नाही, म्हणून बूट-मोजे घालते आणि रात्री आरशात तळवे बघते. अनवाणी चालणाऱ्यांचं कौतुक मला ऐकवू नका. "वारीत साखर आपोआप उतरते, औषधं बंद करा" हेही नको. ती उतरते म्हणूनच तर भीती.

अवघड असते ती एकादशी. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते ती नेमकी ज्येष्ठ वद्य एकादशीला. सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवेघाट आणि वर उपास. एका वर्षी वडकीला, घाटाच्या पायथ्याशी, मी डबा उघडला. भाकरी आणि मटकीची उसळ. शेजारच्या आजी बघतच राहिल्या. "माळकरी ना गं तू?" मी सुई दाखवली. त्या म्हणाल्या, "मग एसटीनं यायचं." आणि आपलं बोचकं उचलून पलीकडे जाऊन बसल्या. दिंडीतलं कुणी काही बोललं नाही. बुवासुद्धा नाहीत. मी जेवले. घास उतरत नव्हता तरी जेवले, कारण इन्सुलिन टोचून झालं होतं आणि त्याला एकादशी कळत नाही. घाट चढताना टाळ पिशवीतच ठेवले.

उपासाचं चालत नाही का? चालतं की. पण फराळ मिळतो विसाव्याला, माझ्या सुईच्या वेळेला नाही. शिवाय साबुदाण्यानं साखर झपकन चढते आणि चढावर तशीच कोसळते. हे सगळं त्या आजींना सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण आतून मला त्यांचंच पटत होतं. आजार व्हायच्या आधीची मी असते तर मीही बोचकं उचललं असतं. एकादशीला जेवणाऱ्याला तुकोबा काय म्हणतात, ते मलाही पाठ आहे. आईनं शेवटच्या आजारपणातही एकादशी मोडली नव्हती. मी मोडते, आणि गळ्यात माळ तिचीच आहे.

डॉक्टर म्हणतात, औषध समजून खा. कीर्तनकार म्हणतात, भाव महत्त्वाचा. दोघांचं ऐकते आणि तरीही दरवर्षी दशमीच्या रात्री पुण्याच्या मुक्कामी डबा भरताना हात थांबतो. आता मी ट्रकच्या मागे जाऊन जेवते. याला लपणं म्हणायचं तर म्हणा. कधी वाटतं, पुढच्या खेपेला पंगतीतच बसावं. कधी वाटतं, त्या आजींचं मन तरी कशाला दुखवा.