पाटीवरचा आकडा

बोटीच्या दारावर एक पितळी पाटी ठोकलेली होती. तिच्यावरचा मजकूर सिरिलिक लिपीत होता. पण आकडा कुठल्याही लिपीत वाचता येतो आणि तो आकडा 30 असा होता. धक्क्यावर माझ्या मागे 34 प्रवासी उभे होते. मी आणि आमची स्थानिक गाइड धरून आम्ही छत्तीस जण होतो.

मी टूर मॅनेजर आहे. बाल्कनच्या पंधरा दिवसांच्या सहलीत ओह्रिड हे तलावकाठचे गाव नवव्या दिवसाचा मुक्काम असते, आणि दमलेल्या ग्रुपला तिथे पहिल्यांदा जरा मोकळा श्वास मिळतो. उत्तर मॅसिडोनियाच्या नैऋत्य टोकाला, अल्बानियाच्या सीमेवर, 693 मीटर उंचीवर हा तलाव आहे. युनेस्कोने 1979 मध्ये तलावाला आणि 1980 मध्ये गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सकाळी आम्ही सेंट सोफियाच्या चर्चमधली अकराव्या शतकातली भित्तिचित्रे पाहिली. ऑटोमन काळात त्या चर्चची मशीद झाली, चित्रांवर चुना फासला गेला आणि त्या चुन्याखालीच ती टिकली, हे गाइडने सांगितल्यावर एक काकू म्हणाल्या, "आमच्या वाड्यातल्या चित्रांवर ऑइलपेंट मारला, त्यांचे काही असे नशीब नाही." त्यानंतर दगडी गल्ल्यांतून उतरून कड्यावरचे कानेओचे चर्च आणि तिथले ठरलेले फोटो झाले. कार्यक्रमपत्रिकेवर त्या दिवसाचे मुख्य आकर्षण मात्र दुपारचे होते : बोटीने तलाव ओलांडून स्वेती नाउमचा मठ.

पाटीकडे बोट दाखवून मी बोटीच्या मालकाला विचारले. तो हसला आणि गाइडमार्फत म्हणाला की छपरावरही दोन बाकडी आहेत, पाणी आज आरशासारखे आहे आणि तो रोज चाळीस माणसे नेतो. पाणी खरोखरच आरशासारखे होते. तळाचे गोटे मोजता येतील इतके ते स्वच्छ होते, आणि त्यामुळे मला जे बोलायचे होते ते आणखी अवघड झाले.

मोठ्या पाण्यावरचा कार्यक्रम असला की तिथे पूर्वी काय घडले आहे हे मी निघण्याआधी वाचून ठेवते. 5 सप्टेंबर 2009 रोजी याच तलावात, याच मठाकडे निघालेली 'इलिंदेन' नावाची प्रवासी बोट बुडाली आणि 15 बल्गेरियन पर्यटकांचा मृत्यू झाला. तिच्यावर परवानगीपेक्षा जास्त माणसे होती. तलावाची कमाल खोली सुमारे 288 मीटर आहे. यातले काहीही मी ग्रुपला सांगितलेले नव्हते, कारण सहलीला आलेल्या माणसाला सकाळच्या नाश्त्यावर असले काही ऐकवायचे नसते.

पहिला मार्ग सोपा होता. आमची बस आम्हाला परत आणण्यासाठी रिकामीच मठाकडे जाणार होती, तेव्हा सहा जणांनी बसने यावे असे मी सुचवले. गुडघ्यांची तक्रार असलेल्या दोन काकू लगेच तयार झाल्या, त्यांच्यामागे त्यांचे यजमान आले, आणि मी व गाइड धरून आकडा जुळलाही. पण तेवढ्यात, सवयीने, मी लाइफ जॅकेट दाखवा म्हटले. बाकाखालचा खण उघडायला मालकाला लाथ मारावी लागली. आत एकमेकांत गुंतलेली नारिंगी जॅकेटे होती. मी ती एकेक काढून बाकावर ठेवली. बावीस भरली. त्यांतल्या दोघांचे पट्टे तुटलेले होते, आणि एकाच्या आत कोणीतरी सिगारेटचे पाकीट दडवून ठेवले होते. उरलेली कुठे आहेत असे विचारल्यावर मालक म्हणाला, "ती कधी लागत नाहीत."

आकड्यांची तडजोड तेव्हाही करता आली असती. वीस जणांना बोटीने आणि बाकीच्यांना बसने नेता आले असते. पण त्या उत्तरानंतर माझे मन उठले. जो माणूस जॅकेट कधी लागत नाही असे म्हणतो, त्याने इंजिन आणि सुकाणू कधी तपासले असेल, हा प्रश्न मला त्याला विचारावासाही वाटला नाही. दुसरी बोट चारच्या आधी मिळणार नव्हती. मी सगळ्यांना सांगितले की बोट रद्द, आपण सगळे बसने जाऊ.

त्यानंतरची दहा मिनिटे मी विसरणार नाही. सर्वांत जास्त चिडले ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका. "अहो ताई, आमची सारी नोकरी धरणांवर गेली," ते म्हणाले, "पाणी कसे वागते ते आम्हाला शिकवता? आणि बोटीचे पैसे कोण परत देणार?" पैसे कोणी परत देणार नव्हते, ते आगाऊ भरलेले होते आणि ती बाब मला ऑफिसशी स्वतंत्रपणे निस्तरायची होती. मागून कोणीतरी "जाहिरातीत बोटीचाच फोटो होता" असे म्हणाले, आणि ते खरे होते. तेव्हा मी 2009 ची गोष्ट सांगितली. ती ऐकून अर्धे लोक गप्प झाले आणि उरलेले आणखी चिडले, कारण मी त्यांना घाबरवते आहे असे त्यांना वाटले.

स्वेती नाउमला जाणारा रस्ता सुमारे तीस किलोमीटरचा आहे. डावीकडे गालिचित्सा पर्वत आणि उजवीकडे सगळा वेळ तलाव. बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत. अर्ध्या वाटेवर खिडकीतून तीच बोट दिसली. दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपला घेऊन, छपरावरही माणसे बसवून, ती मागे पांढरी रेघ सोडत संथपणे चालली होती. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. काका काही बोलले नाहीत, फक्त शेजाऱ्याला कोपराने ढोसून त्यांनी ती दाखवली.

स्वेती म्हणजे संत. नाउम हा संत क्लेमेंटचा सोबती. दोघे सिरिल आणि मेथोडियस या नवव्या शतकातल्या धर्मप्रचारक भावांचे शिष्य, आणि स्लाव्ह भाषेला धर्माची व शिक्षणाची भाषा करण्यात या दोघांच्या ओह्रिडमधल्या कामाचा मोठा वाटा आहे. नाउम 910 मध्ये वारला आणि इथेच पुरला गेला. थडग्याच्या दगडाला कान लावला तर त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून आमच्या लोकांनी रांग लावली. तिघांना ठोके ऐकू आले. अंगणात मोर हिंडत होते, आणि रुसवा निम्मा तिथेच उतरला.

उरलेला उतरला तो मठाशेजारच्या झऱ्यांवर. तिथे वल्ह्यांच्या लहान होड्या आहेत. सहा-सहा जण बसवले, जॅकेटे मोजून घेतली आणि निघालो. पाणी कमरेइतके, तळाची वाळू जागोजागी भाताच्या आधणासारखी उकळत होती, पण हात घातला तर बर्फगार. नावाड्याने सांगितले की हे प्रेस्पा तलावाचे पाणी आहे. तो तलाव पर्वतापलीकडे, इथून सुमारे दीडशे मीटर उंचावर आहे आणि चुनखडीच्या खडकातून झिरपत ते इथे वर येते. मी भाषांतर करत होते, पण काकांनी मला मध्येच थांबवले आणि पुढचा अर्धा तास गळती, भेगा आणि चुनखडीवर धरण बांधताना ग्राउटिंग, म्हणजे भेगांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबून भरणे, का करतात हे त्यांनीच सांगितले. तलावाच्या खोलीचा आकडा ऐकून ते म्हणाले, "कोयनेची उंची 103 मीटर. म्हणजे जवळजवळ तीन कोयना एकावर एक." आणि मग ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळी ओह्रिडच्या धक्क्यावरून हॉटेलकडे चालत जाताना ती बोट सुखरूप बांधलेली होती. मालक नळीने डेक धूत होता. त्याने मला पाहून हात केला.

"बघा, आली की परत," काका म्हणाले.

"आली," मी म्हटले.

शेवटच्या दिवशी विमानतळावर अभिप्रायाचे फॉर्म गोळा केले. काकांनी मार्गदर्शनाला पाचपैकी तीन गुण दिले होते, आणि 'सूचना' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले होते : 'ओह्रिडला बोटी दोन ठरवाव्यात. जॅकेटे आदल्या दिवशी मोजावीत.' मी तो फॉर्म जसाच्या तसा ऑफिसला पाठवला.