बिल भरून घेतलेलं ऊन

ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, तिथं कुणी पैसे मोजून उजेड अंगावर घेईल यावर विश्वास बसत नाही. पण मामीच्या गुडघ्यासाठी भाच्यानं लाल दिव्यांची पाटी, म्हणजे 'रेड लाइट थेरपी'चं पॅनेल, मागवली खरी. सपरीत संध्याकाळी ती सुरू झाली की भिंत, कणगी, मामीचं लुगडं, सगळं लालभडक.

शेजारचे काकाजी धुऱ्यावरून थेट बघायला आले. पाटीसमोर हात धरला, उलटासुलटा केला. "हे तं गरमच नाही लागत! वावरात फुकट भेटते, अन् तुम्ही लाइट बिल भरून ऊन घेऊन रायले का बाई?"

काकाजींचं अर्धं बरोबर आहे. उन्हात हा लाल उजेड असतोच, पण त्याच्या जोडीला कातडी जाळणारे अतिनील किरण आणि उष्णताही येते. तालुक्याच्या दवाखान्यात शेक देतात तो लाल बल्ब निराळा, त्याचा सगळा जोर उष्णतेवर. या पाटीत मात्र निवडक किरण असतात: साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल, आणि ८१० ते ८५० चा, डोळ्यांना न दिसणारा, जरा खोल जाणारा. पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया असते. तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) हा उजेड शोषतं आणि पेशीचं काम जोर धरतं, असं मानतात. नेमकं कसं, यावर शास्त्रज्ञांचा खल अजून चालू आहे.

याची सुरुवात मोठी गमतीची. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांवर लेसर टाकून बघत होते. पाठ भादरलेल्या उंदरांवर कमजोर लेसर पडला, तर केस लवकर उगवले! आज टकलावर केस यावेत म्हणून लोक लेसरच्या टोप्या घालतात, त्याचं मूळ या उंदरांत.

मात्रेचं गणित मात्र नाजूक. पऱ्हाटीला पाणी जास्त झालं की ती पिवळी पडते, तसंच इथंही. उजेड जास्त झाला की फायदा उलट घटतो. मामी "आणखी थोडा वेळ बसते" म्हणते, तेव्हा भाचा बटन बंद करतो. दिव्याकडे टक लावून पाहायचं नाही, हेही तिला रोज सांगावं लागतं. गुडघा हलका वाटतो म्हणते. कापसाची वेचणीही त्याच सुमारास संपली, ही गोष्ट ती सांगत नाही.

जाहिराती तर चरबीपासून झोपेपर्यंत सगळं या दिव्याच्या नावावर खपवतात. भक्कम पुरावा आहे तो वेगळ्याच जागी: कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटून निघतं, अन्न गिळवत नाही, तो त्रास या उजेडानं कमी होतो. आमच्याकडे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी किती जणांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, आणि त्यातल्या काहींना पुढं कुठल्या वॉर्डात जावं लागतं, ते गावाला ठाऊक आहे. सपरीतल्या गुडघ्याआधी हा दिवा त्या वॉर्डात लागायला हवा.