तुम्ही विचारलंत म्हणून: ही चांदणी कुठली?

क्विल्ट म्हणजे अमेरिकन गोधडी. तिच्यावरच्या चांदणीच्या नमुन्याचा फोटो पाठवून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा: "ताई, ही ओहायो स्टार की सॉटूथ स्टार?" उत्तर दिलं की मागोमाग दुसरा येतो: "पण एका पुस्तकात हिला व्हेरिएबल स्टार म्हटलंय. मग खरं नाव कुठलं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. इथे अमेरिकेत राहून जुन्या क्विल्ट बघायची आणि त्यांच्या नोंदी करायची मला मनापासून आवड आहे, तेव्हा एकदा नीट सांगते.

चांदणी ओळखायची तर आधी जाळी शोधायची. अमेरिकन क्विल्टचा वरचा थर गोधडीसारखाच तुकडे जोडून होतो, पण तो बहुतेकदा सारख्या मापाच्या चौकोनी ब्लॉकमध्ये शिवलेला असतो आणि प्रत्येक ब्लॉक आतून चौकटींत वाटलेला असतो. हीच जाळी. रंगांवर जाऊ नका. शिवणारीने गडद कापड कुठे टाकलं यावर तोच ब्लॉक पार वेगळा दिसू शकतो. शिवण मात्र लपत नाही.

ओहायो स्टार तीन गुणिले तीनच्या जाळीवर बसते. चार कोपरे आणि मधला चौकोन सलग कापडाचे, आणि उरलेले चार चौकोन दोन्ही कर्णांवर कापून प्रत्येकी चार त्रिकोणांचे. सॉटूथची जाळी चार गुणिले चारची. तिचा मधला चौकोन ब्लॉकच्या निम्म्या रुंदीचा असतो आणि त्याच्या चारही बाजूंना 'फ्लाइंग गीज' म्हणतात ते आडवे तुकडे लागतात: एक मोठा त्रिकोण, त्याच्या दोन्ही खांद्यांना एकेक लहान. बारा इंची ब्लॉक घेतला तर ओहायोचा मधला चौकोन चार इंचांचा भरतो, सॉटूथचा सहा इंचांचा.

टेप हाताशी नसेल तर काठाला पाया असलेला त्रिकोण बघा. सॉटूथमध्ये त्याचं आतलं टोक थेट मधल्या चौकोनाला टेकतं. ओहायोमध्ये ते अलीकडेच थांबतं आणि मध्ये आणखी एक त्रिकोण असतो. फोटो कितीही धूसर असला तरी एवढं दिसतंच.

फ्रेंडशिप स्टारला फार वेळ लागत नाही. जाळी तीन गुणिले तीनचीच, पण टोकं चारच आणि सगळी एका दिशेने कललेली, भिरभिऱ्यासारखी.

खरा कस लागतो तो लेमॉइन स्टारला. आठ समभुज चौकोनी (हिऱ्याच्या आकाराचे) तुकडे, प्रत्येकाचं टोक ४५ अंशांचं, आणि आठही मधोमध एका बिंदूत येऊन मिळतात. ही कुठल्याच सम जाळीवर बसत नाही. बारा इंची ब्लॉकमध्ये कोपऱ्याचा चौकोन साधारण साडेतीन इंचांचा येतो, आणि तो खाचेत बसवताना शिवण मध्येच वळवावी लागते. ते कष्टाचं काम टाळायचं म्हणून आजकाल बऱ्याच जणी अर्धचौकोनी त्रिकोण (चौकोन कर्णावर कापून होणारे) जोडून तशीच दिसणारी चांदणी चार गुणिले चारच्या जाळीवर करतात. ओळखायची कशी? मध्यबिंदूपासून दोन टोकांमधल्या प्रत्येक खाचेपर्यंतचं अंतर मोजा. खऱ्या लेमॉइनमध्ये आठही अंतरं सारखी येतात. दुसरीत एक आखूड, एक लांब, अशी आलटून पालटून. शिवाय या दुसरीच्या प्रत्येक पाकळीला ब्लॉकच्या काठाशी समांतर असा एक आडवा किंवा उभा जोड असतो. दोन्ही सुंदर आहेत, पण त्यांना एकच नाव देणं मला पटत नाही. लेमॉइन शिवणारीने त्या वळत्या शिवणीवर जीव ओतलेला असतो, तो नोंदीत दिसला पाहिजे.

आता नावांचं. घरोघरी क्विल्ट शिवल्या जात होत्या तेव्हा नमुने हातोहात फिरत होते. नावं पक्की केली ती छापखान्याने. सेंट लुईसच्या लेडीज आर्ट कंपनीने १८८९ च्या सुमारास नमुन्यांचा कॅटलॉग काढला. पुढे 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत नमुने छापले, आणि १९३० च्या दशकात 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये नॅन्सी कॅबट या नावाने सदर चालायचं. सदराला सतत काहीतरी नवं लागायचं, त्यामुळे जुन्याच ब्लॉकला नवं नाव मिळायचं. व्हेरिएबल स्टार हे नाव तर ओहायोलाही लागलं आणि सॉटूथलाही. म्हणून नुसतं नाव सांगितलं की मी विचारते, जाळी कितीची?

हा गुंता सोडवला क्विल्टच्या इतिहासकार बार्बरा ब्रॅकमन यांनी. त्यांनी हजारो नमुने नावाने न लावता रचनेप्रमाणे लावले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. तो कोश एकत्रित पुस्तकरूपात १९९३ मध्ये आला. ब्लॉकची रचना कळली की क्रमांक सापडतो, आणि त्याखाली त्याची छापून आलेली नावं, कुणी छापली त्यासकट. क्विल्टच्या अभ्यासाला यापेक्षा मोठी देणगी मला माहीत नाही.

तेव्हा 'खरं नाव' एकच नसतं. पण चुकीची नोंद नक्की असते. १८५० च्या क्विल्टखाली १९३० च्या वर्तमानपत्रातलं नाव चिकटवलं की वाचणाऱ्याला वाटतं, ते तिच्या शिवणारीनेच दिलेलं. हे मला खरंच खटकतं. तसंच लाकोटा या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या चांदणीचं. लहान लहान समभुज तुकड्यांची, अख्खी क्विल्ट भरणारी ती एकच आठ टोकांची चांदणी. रचनेने ती टेक्सासच्या लोन स्टारसारखीच, पण लाकोटांसाठी ती पहाटेचा तारा आहे, आणि जन्माला, मृत्यूला, मानसन्मानाला ती दिली जाते. तिच्याखाली लोन स्टार लिहून मोकळं होणं बरोबर नाही.

माझी नोंद करायची पद्धत अशी: घरातली माणसं जे नाव सांगतील ते पहिलं. मग जाळी, ब्लॉकचं माप, ब्रॅकमनचा क्रमांक, आणि शेवटी छापील नावं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये लेमॉइनला लेमन स्टार म्हणत आलेत. कुणाची आजी लेमन स्टार म्हणत असेल तर मी पहिल्या ओळीत लेमन स्टारच लिहिते, लेमॉइन खाली येतं. तुम्ही फोटो पाठवाल तेव्हा एवढं करा: एक फोटो अख्ख्या ब्लॉकचा, एक जवळून शिवणींचा, सोबत टेप ठेवून, आणि घरी तिला काय म्हणायचे ते.