गंज आना, ताक देतो

आमच्या देवगडला गंज म्हणजे लोखंडाला लागतो तो. खिडकीचे गज, सायकलची चेन, आईचा सेफ्टीपिनांचा डबा, खाऱ्या वाऱ्यानं घरातलं काही सोडलेलं नाही. त्यामुळे लोणारला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरमालकीण काकूंनी जिन्याखालून हाक मारली, "मॅडम, गंज आना, ताक देतो," तेव्हा ताकात गंज कशाला घालतात याचा मी खरोखर विचार करत उभी राहिले. शेवटी काकूच वर आल्या, ओट्यावरचं माझं उभट पातेलं उचललं आणि म्हणाल्या, "हे काय, हाये ना गंज!" (बायकाही 'देतो', 'येतो' म्हणतात हे कानाला लागायला आणखी आठवडा गेला.)

बँकेतली बदली नेमकी मे महिन्याच्या तोंडावर आली. जालन्याहून सिंदखेडराजा, सुलतानपूर करत एसटीनं आले. खिडकीबाहेर नांगरून टाकलेली काळी शेतं, भेगा, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. हिरवं म्हणून काय ते कडुनिंब. उन्हाळा मला नवा नाही, पण आमचा उन्हाळा ओला असतो, ब्लाउज पाठीला चिकटवणारा. इथे घाम दिसतच नाही. येतो आणि जागच्या जागी वाळतो, ओढणीवर पांढरी रेघ तेवढी उरते. पहिल्या धुण्याला साडी दोरीवर टाकून चिमटे आणायला आत गेले, परत येते तर काठ वाळलेला! चौथ्या दिवशी नाकातून रक्त आलं आणि मी घाबरले. काकू अजिबात घाबरल्या नाहीत. त्यांनी डोक्यावर पाणी मारलं, पर्समध्ये एक कांदा टाकला आणि मला माठ घ्यायला बाजारात पिटाळलं. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही. कांदा मात्र अजून पर्समध्येच आहे.

कूलरची गोष्ट वेगळी. वाळ्याच्या ताट्या भिजल्या की सुटणारा वास इतका सुंदर असतो की पहिल्या रात्री मी कूलरसमोर नुसती बसून होते. पण तो रात्रभरात दोन-तीन बादल्या पाणी पितो, आणि आमच्या गल्लीत नळ रोज येत नाहीत. इथे 'पाणी आलं' म्हणत नाहीत, 'नळ आले' म्हणतात, पाहुणे आल्यासारखं. पहाटे साडेचारला काकूंची हाक येते, "नळ आले वो मॅडम, उठा!" मग ड्रम, बादल्या, कळशा, गंज, जे हाताला लागेल ते भरायचं. पाण्यात वाढलेल्या मला पाण्याचा हिशेब पहिल्यांदा इथे जमायला लागला. कूलर बंद करून गच्चीवर झोपायलाही शिकले. पठारावर रात्री वारा सुटतो आणि तीनच्या सुमाराला चक्क चादर लागते.

गाव बघायला पहिला रविवार उजाडावा लागला. सरोवर कुठे, म्हणून विचारत निघाले तर सपाट रस्ता, टपऱ्या, बाभळी, आणि एकदम पुढची जमीनच नाही. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटरचा वाडगा, आणि १३७ मीटर खाली तळाशी हिरवट पाणी. काठावर धार आहे, गोमुखातून बारा महिने पडणारं गोडं पाणी. भर मे महिन्यात, जिथे मी बादल्या मोजतेय तिथे, लोक त्या धारेखाली निवांत आंघोळी करत होते. मला आधी रागच आला. मग मीही डोकं घातलं.

खाली उतरणारी वाट झाडीतून जाते. मोर इतके, की थोड्या वेळानं आपण बघायचं सोडून देतो. पाण्याजवळ गेलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. कमळजादेवीचं देऊळ अगदी काठाशी आहे, आणि तिथेच सासू-सुनेची विहीर. तिच्या एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. गोडं कोणाच्या वाटचं, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी आपापल्या घरच्या परिस्थितीप्रमाणे सांगितलं.

बँकेतल्या एका भाऊंचं म्हणणं, मी चुकीच्या वर्षी आले. जून २०२० मध्ये सगळं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा यायला हवं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तर तो रंग खारटपणात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा निघाला. त्याच वर्षी सरोवराचं नाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, रामसर यादीत, गेलं. मला हिरवं पाणी चालतं. गुलाबीचे फोटो सगळ्यांकडे आहेत.

रात्री गच्चीवर पडल्या पडल्या फोनवर वाचत असते. १८९६ मध्ये गिल्बर्ट नावाच्या अमेरिकी भूवैज्ञानिकानं लोणारचं आणि तिकडच्या ॲरिझोनाच्या उंच वाळवंटातल्या विवराचं साम्य नोंदवलं होतं. लोणारचं विवर ज्वालामुखीचं असावं असं बरीच वर्षं मानत. १९७३ च्या सुमारास तळाखालच्या खडकात धक्क्यानं काच झालेलं खनिज सापडलं आणि विवर उल्केच्या आघातानं झालं हे पक्कं झालं. वयाचं मात्र भांडण आहे. जुना अंदाज ५० हजार वर्षांच्या आसपासचा, नंतरच्या आर्गॉन पद्धतीनं ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "लवणासुर त्याच्याही आधीचा." त्याला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावाच्या मधोमध आहे. बाहेर उन्हानं दगड भाजत असतात आणि आत गाभाऱ्याकडे जाल तसा गार अंधार. माझ्या मते मेच्या दुपारी लोणारात याहून चांगली जागा नाही.

आता रुमालाचं सांगते. दुसऱ्या रविवारी डबा घेऊन खाली उतरले होते. पिठलं सांडलं, रुमालानं पुसलं, रुमाल पिवळा. म्हटलं, हात आणि रुमाल सरोवरातच खंगाळू. पाणी बोटांना बुळबुळीत लागलं, साबणाचा हात धुवून संपत नाही तसं. आणि रुमालावरचा पिवळा डाग माझ्या डोळ्यांदेखत कडेकडेनं तांबडा होत गेला. मी दचकून रुमाल बाहेर काढला. क्षणभर वाटलं, बोट कापलं.

घरी आले तर गच्चीवर काकूंचं पापडांचं काम चाललेलं. रुमाल दाखवला. त्यांनी हातातला गोळा खालीसुद्धा ठेवला नाही. "खारं पानी हाये ते. हळदीले लाल करते." मग पिठानं भरल्या बोटानं पापडखाराच्या पुडीकडे दाखवलं. त्यांच्या आजेसासूच्या काळात पापडाला खार सरोवराचाच असायचा, म्हणे. बाजारात पुडी मिळायला लागली आणि ते थांबलं. शाळेत हळदीचा कागद आणि चुन्याची निवळी करून गुण मिळवलेली मी, तिथे गच्चीवर उकिडवी बसून पापड लाटत होते.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिचा रोजचा प्रश्न, "थंय पाणी गावता मां गो?" तिला धार सांगितली, सरोवर सांगितलं, रुमाल सांगितला. तिला फक्त डागाची काळजी. हळदीचा डाग साबणानं आणखी लाल होतो, तू घासू नकोस, म्हणाली. मी घासून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनीच तो रुमाल पाण्यातून काढून पत्र्यावर पसरला आणि वर एक खडा ठेवला. बँकेतून दुपारी जेवायला आले तेव्हा पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. खडा चिमट्यानं बाजूला केला. रुमाल पापडासारखा कडक झाला होता, आणि पांढराशुभ्र.