जुनी साइट बंद केली, लिंक्स मात्र चालू ठेवल्या

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची जुनी साइट बंद करून सगळी माहिती नव्या डोमेनवर न्यायचं ठरलं. बहुतेकांचं म्हणणं, जुन्या कुठल्याही लिंकवर क्लिक केलं की नव्या साइटचं होमपेज उघडू द्या, विषय संपला. मी अडून बसलो. साधले घाटाची वाट शोधत आलेल्या माणसाला होमपेजवर नेऊन सोडलं तर तो दुसऱ्या क्षणी निघून जाणार. शिवाय सगळी पानं अशी सरसकट होमपेजवर वळवली की गूगल त्यांना बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं. मग लोकांनी वर्षानुवर्षं दिलेल्या लिंक्स पाण्यात.

सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातून बाहेरून आलेल्या लिंक्सची यादी उतरवली, एक्सेलमध्ये जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता मांडला आणि पानागणिक ३०१ रीडायरेक्ट लावला, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण. (३०२ तात्पुरत्या बदलासाठी असतो, तो इथे कामाचा नाही.) इंग्रजी पत्ते झटपट उरकले.

घाम काढला तो मराठी पत्त्यांनी. वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) शीर्षकावरून पत्ता बनवतं, त्याला २०० खुणांची (कॅरेक्टर्सची) मर्यादा. पत्त्यात देवनागरी %E0%A4%B9 अशा सांकेतिक रूपात साठते, त्यामुळे एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ खुणा खाते. त्यामुळे ‘हरिश्चंद्रगडावर जाण्याच्या वाटा’ या पानाचा पत्ता ‘हरिश्चंद्रगडावर-जाण्याच’ इथेच तुटलेला! शीर्षकांवरून यादी केली असती तर निम्मे नियम लागूच पडले नसते. पत्ते थेट डेटाबेसमधून घ्यावे लागले. दुसरं म्हणजे, साइट पुरवणारा अपाची सर्व्हर आलेला पत्ता आधी उलगडून पुन्हा देवनागरीत आणतो आणि मग नियमाशी ताडून पाहतो. म्हणून हे नियम ज्यात लिहितात त्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये टक्क्यांची माळ चिकटवून उपयोग नाही, सरळ देवनागरीत लिहायचं. हे कळेपर्यंत आमचे सगळे किल्ले ४०४ मध्ये होते.

शेवटी सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदल कळवला. थोडे दिवस क्रमवारी वरखाली झाली, मग स्थिरावली.

खजिनदारांचा प्रश्न रास्त होता: बंद साइटचे पैसे का भरायचे? पण रीडायरेक्ट जुन्या डोमेनवरच राहतात. एवढंच नव्हे, जुन्या डोमेनचं एसएसएल प्रमाणपत्रही (सुरक्षित जोडणीचं) चालू लागतं, नाहीतर ब्राउझर वळण्याआधीच धोक्याची सूचना दाखवतो. गूगल किमान वर्षभर रीडायरेक्ट ठेवा म्हणतं. मी तर म्हणतो, डोमेन सोडूच नये. उद्या कुणी ते घेऊन आपल्याच लिंक्सवर जुगाराच्या जाहिराती लावेल. हे ऐकल्यावर खजिनदारांनी मुकाट्याने रिन्यूअल भरलं.